मालोजी दळवींचा फवारा

इंदूरच्या दळवींच्या घराण्यात एक गोष्ट कोणी कोणाला शिकवत नसे, ती आपसूक अंगात मुरायची. जी वस्तू लखलखते ती धडधाकट, आणि जी काळवंडली तिच्यात कुठंतरी खोट आहे. मालोजींचा आजा होळकरांच्या शिलेखान्यात तलवारी घासत म्हातारा झाला, बाप तोड्याच्या बंदुका पुसत गेला, आणि खुद्द मालोजी मिसरूड फुटायच्या आधीपासून तिथंच विटेची वस्त्रगाळ पूड आणि चिंचेचा कोळ घेऊन बसायला लागले. दसऱ्याच्या स्वारीत हत्यारं उन्हात चमकली की लोक महाराजांचा जयजयकार करायचे आणि गर्दीत उभे असलेले मालोजी तो मनातल्या मनात स्वतःकडे वळवून घ्यायचे.

मग संस्थानं गेली. मध्य भारत नावाचं नवं राज्य आलं, त्याची राजधानी उन्हाळ्यात इंदुरात आणि थंडीत ग्वाल्हेरला बिऱ्हाड हलवू लागली. रिसाला मोडला, घोडे लिलावात गेले, शिलेखान्याला कुलूप लागलं. मालोजी घरी आले ते बंदुकीच्या कानात फिरवायची एक बारीक पोलादी तार खिशात घालून. बंदुकीचा कान म्हणजे बत्ती द्यायचं भोक. त्यात काजळी साचली की बार उडत नाही, म्हणून तारेनं ते खरवडून मोकळं करायचं. ती तार कोणी परत मागितली नाही, आणि मालोजींनीही दिली नाही.

तुकोगंजातल्या अप्पासाहेब सरदारांनी त्यांना ठेवून घेतलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशातले हे अप्पासाहेब. जहागीर गेली होती, पण बंगल्यापुढचं लॉन होळकरांच्या लालबागेच्या तोडीचं दिसलं पाहिजे आणि शहराबाहेर राऊच्या बिडात, म्हणजे त्यांच्या राखीव कुरणात, गुडघाभर गवत डोललं पाहिजे, हा हट्ट गेला नव्हता. बिडात त्यांच्या गाई चरत. मालोजींना बंगल्यामागच्या तबेल्याशेजारी दोन खोल्या मिळाल्या. बायको गंगूबाई बंगल्याच्या स्वयंपाकघरात हाताशी असे, आणि नात सुमेधा शाळेसाठी आजीआजोबांकडे राहायची. तिचा बाप रतलामला रेल्वेत होता. तेव्हा पाचसहा वर्षांची ती पोर म्हणजे मालोजींचा जीव की प्राण. जन्मभर हत्यारांशी बोललेला माणूस संध्याकाळी तिच्या वेण्यांच्या रिबिनी बांधत बसलेला लोकांनी पाहिला आहे.

एका वर्षी बिडात नाकतोड्यांनी असा काही धुमाकूळ घातला की गवताच्या नुसत्या काड्या उरल्या. लॉनवर लाल मुंग्यांनी वारुळं केली ती वेगळीच. अप्पासाहेबांचा धाकटा मुलगा दिवाकर शेतकी कॉलेजातून पदवी घेऊन आला होता. तो म्हणाला, पाठीवरच्या पंपांनी हे काम होणार नाही, ट्रॅक्टरला जोडायचा फवारा घेऊ. तेव्हा बापलेक आणि मागून मालोजी असे तिघं सियागंजात एका यंत्रांच्या दुकानी गेले.

दुकानात दोन फवारे होते. टाकी, ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यावर फिरणारा पंप, आणि दोन्ही बाजूंना पंख पसरावेत तसा लांब आडवा नळ, त्याला ओळीनं तोट्या. औषध या तोट्यांच्या बारीक भोकांतून धुक्यासारखं बाहेर पडायचं. एकाच्या तोट्या काळ्या पोलादाच्या होत्या, दुसऱ्याच्या पितळेच्या. दिवाकरनं वाकून दोन्ही पाहिल्या आणि पोलादी पसंत केल्या.

"पितळ नरम असतं, बाबा. औषधानं आणि घासण्यानं भोकं मोठी होतात. मग माप राहत नाही."

अप्पासाहेबांना ते काळं लोखंड पाहूनच शिसारी आली. ते मागे वळले. "मालोजी, तू आयुष्य यात घालवलंस. तू सांग."

मालोजींनी पितळी तोटीवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला ओळखीचा गारवा लागला. किती वर्षांनी कोणीतरी त्यांना हत्याराबद्दल विचारत होतं. "सरकार, पितळ घ्या," ते म्हणाले. "लोखंडाच्या पोटात काय चाललंय ते कळत नाही. पितळ आपली तब्येत तोंडावर दाखवतं. निगराणी माझ्याकडे लागली."

पितळेचा फवारा घ्यायचा ठरला. दुकानदार भला माणूस होता. त्यानं पैसे घेतल्यावरही सांगायचं ते सांगितलं. "देखो दादा, दोन बातें ध्यान ठेवा. तोटी चोक झाली तर फुंका, नाहीतर नरम ब्रशनं साफ करा. तार, पिन, सुई, कुछ नहीं डालना. और हर साल औषध भरायच्या आधी नुसतं पाणी चालवून प्रत्येक तोटीखाली डबा ठेवा. डबा पहिल्यापेक्षा जल्दी भरला तर तोट्या बदलून टाका." आणि त्यानं डब्यात घालून चार तोट्या जादा दिल्या. मालोजींनी मान डोलावली. तारेचं ऐकलं तेव्हा मात्र ते मिशीत हसले. ज्यानं यंत्रं नुसती विकली त्याला कान साफ करणं काय ठाऊक, असं त्यांना वाटलं.

निगराणीत त्यांनी खरोखरच कसूर केली नाही, हेही सांगितलं पाहिजे. फवारणी झाली की टाकी तीन पाण्यांनी धुवायचे, पंपाला ग्रीस द्यायचे, रबरी नळ्या उन्हात वाळू नयेत म्हणून सावलीत टांगायचे, पाणी मलमलीतून गाळल्याशिवाय टाकीत जाऊ द्यायचे नाहीत. पण राऊच्या विहिरीचं पाणी क्षाराचं. तोट्या तुंबायच्या. मग मालोजी खिशातून तार काढायचे, प्रत्येक भोकात घालून दोन बोटांत गर्रकन फिरवायचे आणि डोळ्यापुढे धरून पलीकडचं आभाळ दिसतं का पाहायचे. आणि दर खंडेनवमीला, ज्या दिवशी मराठ्यांच्या घरात हत्यारं पुजतात, सगळ्या तोट्या उतरवून विटेच्या पुडीनं आतून बाहेरून घासायचे. नवरदेव पाटावर बसावा तसा फवारा तबेल्यात सजून बसायचा. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, पुढे नारळ. पहिल्या वर्षी अप्पासाहेब ते पाहून म्हणाले, "मालोजी, शिलेखान्याची आठवण करून दिलीस." त्या वाक्यावर मालोजींनी पुढचं वर्ष काढलं.

डबे ठेवायचं काम मात्र कधी झालंच नाही. दिवाकर दर हंगामाला आठवण करायचा आणि मालोजींना तो आपल्यावर घेतलेला संशय वाटायचा. "छोटे सरकार, तोंड बघायला आरसा नको, इतकं पितळ साफ आहे. डबे कशाला?" दिवाकर वादात कच्चा होता. तो खांदे उडवून निघून जायचा.

तिसऱ्या वर्षी बिडात काही बारीकसारीक गोष्टी दिसू लागल्या. फवारा गेला तिथं गवतावर पिवळे पट्टे उमटले, आखून काढल्यासारखे सरळ. बांधावरच्या बोरीखाली साळुंक्या मरून पडलेल्या सापडल्या. पायांची बोटं आवळलेली, चोची उघड्या. मालोजींनी त्या पायानं बाजूला सारल्या. औषध आहे, किडे मरणार, किडे खाणारी पाखरंही चार मरणार, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण त्या संध्याकाळी जेवताना घास तोंडात फिरत राहिला.

चौथ्या वर्षी नवरात्रात नाकतोडे पुन्हा आले. त्या वर्षीचं औषध नवं होतं, आधीच्यापेक्षा जहाल. डब्यावर कवटीचं चित्र होतं आणि फवारल्यावर तीन दिवस माणसानं किंवा जनावरानं तिथं जाऊ नये अशी सक्त सूचना होती. ललितापंचमीच्या सकाळी राऊचं बीड फवारलं, दुपारी ट्रॅक्टर तुकोगंजात आणून लॉन. लॉनची घाई होती, कारण नवमीला संध्याकाळी तिथं भोंडला होता. अप्पासाहेबांच्या पत्नी द्वारकाबाई दर वर्षी आसपासच्या साऱ्या मराठी मुलींना बोलवायच्या. पाटावर हत्ती काढायचा, मधे ठेवायचा, भोवती फेर धरून गाणी म्हणायची, मग खिरापत ओळखायची. गेल्या वर्षी लाल मुंग्यांनी पोरींचे अनवाणी पाय फोडून काढले होते. सुमेधाच्या पोटऱ्या सुजल्या होत्या. "या वर्षी एक मुंगी दिसता कामा नये," असं बाईसाहेबांनी बजावलं होतं, आणि मालोजींनाही तेच हवं होतं.

ट्रॅक्टर चालवायला शाम नावाचा इंदुरी पोरगेला ड्रायव्हर होता. बिडाचा पाऊण भाग झाला असेल नसेल, तो ट्रॅक्टर थांबवून ओरडला, "ओ दादा, टंकी तो खाली!"

"खाली कशी? इतक्यात?"

"अब मुझे क्या मालूम भिया? मागच्या साली पूर्ण बीड होऊन थोडं उरायचं. यंदा बघा, खडखडाट."

"तू गाडी बैलासारखी हाकतोस. जल्दी चालव."

"तोच गियर, तोच रस्ता. मी काय केलं?" शाम पुटपुटला. पण दुसरी टाकी भरली गेली, बीड पुरं झालं, आणि दुपारी लॉनवरही धुकं उतरलं. चांगलं दाट, पांढरं. ते गवतावर बसताना पाहून मालोजींना समाधानच वाटलं.

अष्टमीला सुमेधानं विचारलं, "आबा, आता लॉनवर गेलं तर चालेल ना?"

मालोजींनी बोटांवर दिवस मोजले. तीन झाले होते. "बेलाशक जा," ते म्हणाले. "माझ्या मशीननं मारलंय."

नवमीची सकाळ उजाडली ती राऊहून आलेल्या निरोपानं. तीन दिवस झाले म्हणून आदल्या संध्याकाळी गाई बिडात सोडल्या होत्या, आणि त्यातली एक पडली होती. मालोजी आदल्या रात्री तोट्या घासून, पहाटे पूजा मांडून नुकते हात धूत होते. दिवाकर, ते आणि शाम जीपनं गेले. गाय गाभण होती, तांबडी, अप्पासाहेबांची आवडती. तोंडातून फेसाच्या तारा लोंबत होत्या, डोळे पाणावलेले, आणि कातडीखाली सारं अंग थरथरत होतं. त्यांच्यादेखत तिनं पाय झाडले आणि ती गेली. गवळी म्हणाला, पान लागलं, म्हणजे साप चावला. शामही म्हणाला, साप. मालोजींनी घाईघाईनं त्यात आपला सूर मिळवला. "सापच. या दिवसांत बिडात फिरतातच."

दिवाकर गवतापाशी उकिडवा बसून होता. तो उठला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "मालोजी, आज मशीन चालवून डबे लावून बघू. आत्ता. मला काही ठीक वाटत नाही."

बंगल्यावर येऊन त्यानं तेच अप्पासाहेबांना सांगितलं. मालोजी हात जोडून उभे राहिले. "सरकार, हत्यार पूजेत बसलंय. आज नवमी. उद्या दसऱ्याला सीमोल्लंघन झाल्याशिवाय पुजलेलं हत्यार उचलत नाहीत. आपल्याकडे कधी उचललं नाही."

अप्पासाहेबांनी जरा विचार केला. कोपऱ्यातल्या त्यांच्या स्वतःच्या तलवारीवरही फुलं होती. "दिवाकर, एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय? उद्या करा." दिवाकर नेहमीसारखा खांदे उडवून आत गेला. मालोजींनी सुटकेचा श्वास सोडला, पण देवीचं नाव पुढे करून आपण काहीतरी झाकलं, हे त्यांचं त्यांना कळलं होतं.

दुपारी बंगला वामकुक्षीत होता. मालोजी तबेल्यात एकटे होते. फवारा झेंडूत बसलेला, प्रत्येक तोटी लखलखीत. त्यांची नजर फळीवरच्या डब्याकडे गेली. दुकानदारानं दिलेल्या चार जादा तोट्या त्यात तशाच पडल्या होत्या. त्यांना कधी विटेची पूड लागली नव्हती. काळपट, मळकट झालेल्या. पूजेला हात न लावता एवढं तर पाहता येईल, असं म्हणून त्यांनी त्यातली एक काढली, खिशातून तार काढली आणि भोकात घालायला गेले.

तार जाईना.

त्यांना वाटलं, काहीतरी अडकलंय. फुंकलं. उजेडात धरलं. भोक स्वच्छ होतं, पण केसाएवढं बारीक. मग ते फवाऱ्यापुढे गुडघ्यांवर बसले, माळ बाजूला सारली आणि तीच तार नळावरच्या पुजलेल्या तोटीत घातली. ती आत गेली आणि सैल हलू लागली. दुसरीत तशीच. तिसरीत तशीच. चार वर्षं ज्या हातानं भोकं मोकळी केली, त्याच हातानं ती कोरून काढली होती. टाकी लवकर का संपली, गवतावर पट्टे का पडले, साळुंक्या का मेल्या, गाय कशानं तडफडली, सगळं त्या सैल हलणाऱ्या तारेत होतं. औषध दुपटीनं पडलं होतं. तीन दिवसांचा हिशेब पार चुकला होता.

पहिला विचार लॉनचा आला, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. संध्याकाळी तिथं पंचवीस-तीस पोरी अनवाणी नाचणार. सुमेधा त्यात असणार. उठून सांगायला हवं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की दळवींच्या हातानं हत्यार बिघडलं? की सरकार, तुमची गाय मी मारली? अप्पासाहेब ज्या नजरेनं त्यांच्याकडे बघत ती नजर उद्यापासून राहणार नाही. दिवाकर काही बोलणार नाही, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट. मालोजी मूग गिळून तिथंच बसले. भोंडला दिवे लागायच्या सुमाराला असतो, अजून वेळ आहे, असं ते मनाला समजावत राहिले. काहीतरी सबब काढू. लॉन ओलं आहे, साप दिसला, असं काहीही. भोंडला ओसरीवर घ्यायला लावू आणि तोट्यांचं उद्या परवा गुपचूप बदलून टाकू. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा हा बेत त्यांना हळूहळू पटायला लागला. जादा तोट्या त्यांनी डब्यात परत घातल्या आणि डबा पेंढ्याखाली सरकवला. माळ होती तशी नीट केली. या सगळ्यात दुपार सरली.

बंगल्याच्या पलीकडे, पुढच्या बाजूला, त्याच वेळी सुमेधा लॉनवर बसली होती. त्यांना ते माहीत नव्हतं. सणाची सुट्टी होती, द्वारकाबाईंनी तिला दुपारीच बोलावून घेतलं होतं. पाटावर तांदळाचा हत्ती काढायचा आणि जिथं फेर धरायचा तिथलं गवत बोटांनी चाचपून गोखरूचे काटे वेचायचे. पोर मन लावून काम करणारी. गवतावर मांडी ठोकून ती इंच इंच पुढे सरकत राहिली. मधे भूक लागली तेव्हा बाईसाहेबांनी दिलेला पेरू तिनं त्याच हातांनी खाल्ला.

गंगूबाईंची किंकाळी ऐकून मालोजी धावले. लॉनच्या कडेला नटूनथटून आलेल्या पाचसात मुली फाटकापाशी घोळका करून उभ्या होत्या, कोणी पुढे यायला तयार नव्हतं. पाटावर अर्धा हत्ती होता. सुमेधा गंगूबाईंच्या मांडीवर होती. ओकून परकर भरला होता, तोंडातून लाळेची धार लागली होती, कपाळ घामानं निथळत होतं. पापण्या आणि ओठ आपोआप उडत होते. सकाळी अशीच थरथर त्यांनी गाईच्या कातडीखाली पाहिली होती.

"अहो, पोरीला काय झालं हो? बघा ना," गंगूबाई म्हणत होत्या. मालोजींना बघवेना.

चार बंगले सोडून शरदचंद्र डॉक्टरांचा दवाखाना होता. ते तसेच पायी धावत आले. त्यांनी पोरीच्या डोळ्यात बॅटरीचा उजेड पाडला. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. त्यांनी कपडे उतरवायला लावले, गंगूबाईंना साबण आणि पाणी घेऊन अंग धुवायला बसवलं, आणि मुलीच्या दंडात सुई टोचता टोचता विचारलं, "इथं काय फवारलंय?"

दिवाकरनं औषधाचं नाव सांगितलं.

"किती दिवस झाले? किती घट्ट मारलं होतं?"

"चार दिवस, डॉक्टर. डब्यावर लिहिलंय त्याच मापानं. पाणी आणि औषध मी स्वतः मोजून दिलं होतं."

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "मग इतकं व्हायला नको. कदाचित दुसरं काही असेल. हे बघा, या विषावर इंजेक्शन आहे, पण तेही विषच. अंगात जेवढं विष गेलंय त्या अंदाजानं टोचत राहावं लागतं. कमी पडलं तर मुलगी जाईल. आणि हे विष नसेलच, तर जास्त टोचल्यानं जाईल. मला नक्की सांगा, तेवढंच माप पडलंय ना?"

"तेवढंच," दिवाकर म्हणाला. मोजून दिलेलं तेवढंच होतं, आणि मशीनबद्दल सकाळी आलेल्या शंकेला त्याच्याकडे पुरावा नव्हता.

अप्पासाहेब पायरीवर काठी टेकून उभे होते. द्वारकाबाई होत्या, शाम होता, फाटकाशी पोरी आणि त्यांच्या आया होत्या. मालोजींनी त्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं. आयुष्यात एवढी भीती त्यांना वाटली नव्हती, आणि ती लोकांची आहे का पोरीची हे त्यांना त्या क्षणी सांगता आलं नसतं. मग गंगूबाईंच्या हातात सुमेधाचा पाय जोरात झटकला गेला.

"नाही, डॉक्टरसाहेब," मालोजी म्हणाले. "दुप्पट पडलंय. दुपटीपेक्षा जास्तच धरा. तोट्यांची भोकं मी तारेनं मोठी करून ठेवलीत. छोटे सरकारांनी मोजून दिलं, पण मशीननं दुप्पट ओतलं. मला दुपारपासून माहीत आहे."

गंगूबाईंनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी मात्र एक क्षण घालवला नाही. त्यांनी दुसरी कुपी फोडली, मग तिसरी, आणि मागून आलेल्या कंपाउंडरला दवाखान्यातून असेल नसेल तेवढं घेऊन यायला पिटाळलं.

सुमेधाला ओसरीच्या कोचावर निजवलं. डॉक्टर मनगट धरून बसले होते. थोड्या थोड्या वेळानं सुई, मग बॅटरी, मग पुन्हा सुई. अप्पासाहेबांनी फाटक लावून घ्यायला सांगितलं आणि पोरींना घरी पाठवलं. जाताना ते मालोजींच्या जवळून गेले, पण थांबले नाहीत. दिवाकर आतून खुर्ची घेऊन आला, मालोजींच्या मागे ठेवली. मालोजी बसले नाहीत. माणसानं असं कसं वागावं, असा प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

दिवे लागले. लाळ थांबत आली. ओठांचं उडणं आधी कमी झालं, मग थांबलं. डॉक्टरांनी पुन्हा एकदा डोळ्यात पाहिलं, आणि या वेळी बॅटरी विझवून खिशात ठेवली. "आणखी दोन दिवस नजर ठेवावी लागेल," ते म्हणाले. "पण मला माप वेळेवर कळलं. अजून तासभर उशीर झाला असता, तर मी काही करू शकलो नसतो."

तासभर. मालोजी दुपारी तबेल्यात किती तास बसले होते, ते डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. मालोजींना ठाऊक होतं, आणि पुढे जितकी वर्षं जगले तितकी वर्षं ठाऊक राहिलं.

सुमेधानं डोळे उघडले. भोवती इतकी माणसं पाहून ती बावरली. शोधत शोधत तिची नजर आजोबांवर येऊन थांबली. ओठ कोरडे पडले होते, शब्द चिकटत होते.

"आबा, रागावू नका ना," ती म्हणाली. "मी गवत तोडलं नाही. खरंच. मी नुसते काटे काढत होते."

मालोजी खाली बसले, तिचे साबणानं धुतलेले पाय दोन्ही हातांत घेतले आणि त्यांच्यावर डोकं टेकलं. घराण्यात वडीलधाऱ्यांनी पोरांच्या पायांना हात लावायची रीत नव्हती. अप्पासाहेब दारात होते. त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.